दाजींच्या हातचं पाणी

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान श्रीधरराव, हे पुंडलिकनगरातले सगळ्यात भित्रे गृहस्थ. मेहुणी आहे म्हणून चेष्टा करते असं समजू नका, गल्लीत कुणालाही विचारा. गॅस बंद केला की नाही हे बघायला ते कोपऱ्यावरून परत येतात. बंदच असतो. तरी खटक्याला हात लावून बघतात आणि मग निघतात. मांजर आडवं गेलं, तर दुसरं कुणी पुढं जाईपर्यंत रस्त्यात उभे राहतात, मग घरी चहा दुधाविना खोळंबला तरी चालेल. दर शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जातात, पण घाटात दरीकडच्या खिडकीशी कधी बसत नाहीत. सगळी नोकरी पैठणला धरणाच्या कचेरीत झाली. नाथसागराचं पाणी रोज डोळ्यांसमोर, आणि या माणसानं होडीत एकदाही पाय ठेवला नाही.

मला भित्र्या माणसांचा राग येतो. मी शाळेत मुख्याध्यापिका होते, एकटीनं संसार ओढला, रात्री-अपरात्री एकटी एसटीनं फिरले. त्यामुळं दाजींना बोलायची एकही संधी मी सोडत नसे. तेही मनावर घेत नसत. "विशाखा, तुला हसायला काय जातं," एवढंच म्हणत आणि पुन्हा एकदा दाराची कडी बघून येत.

ताई त्यांच्या अगदी उलट. अनसूया नाव, पण सगळी गल्ली तिला ताईच म्हणते. पुंडलिकनगरात रिकामे प्लॉट होते त्या दिवसांत तिच्या मोरीत नाग निघाला होता. दाजी कॉटवर उभे, आणि ही काठीला पिशवी बांधून त्याला बाहेर सोडून आली, येऊन हात धुतले आणि पोळ्या लाटायला बसली. तिला घाबरलेलं मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. त्या घरात भीतीचं खातं दाजींकडं आणि धाडसाचं ताईकडं, अशी वाटणी आहे असं मी धरूनच चालले होते.

एका बाबतीत मात्र ताई फार कडक. हरतालिका. त्या दिवशी वाळूची पिंड मांडायची, हिरव्या बांगड्या भरायच्या आणि नवऱ्याच्या आयुष्यासाठी दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. लग्नापासून तिनं हे पाळलं. फक्त एका वर्षी मोडलं. तेव्हा तिला डेंग्यू झाला होता, अंगात ताप मावत नव्हता, आणि डॉक्टर रागावले म्हणून दाजींनी स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात पाणी घातलं होतं. आम्ही विसरूनही गेलो. त्याच वर्षी दिवाळीत दाजींना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, वाचले. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या असतात आणि आधीच्या सगळ्या भीतींना ही एक मोठी भीती येऊन मिळाली.

अशा माणसाला पेरूला न्यायचं खूळ ताईच्या डोक्यात आलं ते टीव्हीमुळं. ताईला विणकामाचा भारी नाद. एका दुपारी टीव्हीवर दक्षिण अमेरिकेतलं एक उंचावरचं सरोवर दाखवत होते. त्यातल्या बेटावर पुरुष चौकात बसून टोप्या विणतात. बायका लोकर कातणार, पुरुष विणणार. ताई सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. "पुरुष गं, पुरुष," ती मला फोनवर सांगत होती, "आणि काय बारीक टाका. मला ते बघायचंय." मुलगा सुयश पुण्यात असतो, त्यानं आईचा हट्ट उचलून धरला आणि एका मराठी सहल कंपनीत आमची नावं घातली. दाजींनी आधी साफ नाही म्हटलं. ताई म्हणाली, "नका येऊ. मी आणि विशाखा जातो." मग त्यांच्या लक्षात आलं की घरी एकटं राहणं त्याहून भीतीचं आहे.

हृदयाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण बजावलं, उंचीवर हवा विरळ असते, तहान लागत नाही, तरी सारखं पाणी पीत राहा. दाजींनी ते वाक्य मनात कोरून ठेवलं. त्यांनी तीन बाटल्या घेतल्या, प्रत्येकाची वेगळी, आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर घेतलं.

निघायच्या आधी पंचांग बघताना माझ्या लक्षात आलं की सहलीच्या मध्येच हरतालिका येतेय. मी ताईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "परदेशात कुठली गं हरतालिका. देवाला कळतं." मला बरं वाटलं. दाजींनाही बरं वाटलेलं दिसलं.

पेरूत पोचल्यावर दाजी जे घाबरले ते घाबरलेच. लिमात समुद्राकाठी उंच कड्यावर बाग आहे, तिथं ते कठड्यापासून दहा हात लांब उभे. कुस्कोत इंकांच्या वेळच्या भिंती बघितल्या. खोलीएवढे दगड चुना-मातीशिवाय असे बसवलेत की पत्र्याची पट्टीसुद्धा आत जात नाही. आम्ही वेरूळच्या बाजूची माणसं, दगडाचं काम काय असतं ते आम्हाला कळतं, आम्ही बघतच राहिलो. दाजींनी गाइडला विचारलं, इथं भूकंप होतात का? तो म्हणाला, होतात, म्हणून तर अशा भिंती. ते ऐकून दाजी लगेच रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. हॉटेलात दम लागू नये म्हणून कोकाच्या पानांचा चहा देतात. दाजींनी तो घेतला नाही, नशा चढेल आणि परत येताना विमानतळावर पकडतील म्हणून. माचू पिच्चूला जाणारी बस डोंगरावर वळणं घेत चढते. सगळे खिडकीतून फोटो काढत होते आणि दाजी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. वर ढगांत ते जुनं गाव समोर आलं, मी तर थक्क झाले, आणि दाजी ताईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसले होते.

"अहो, समोर बघा की," ताई म्हणाली.

"बघतो. आधी तू पाणी पी."

आमच्याबरोबर कंपनीचा टूर मॅनेजर होता, शिवराज, आपल्या चितेगावचाच. त्यालाही दाजींची गंमत वाटायची. "काका, तुम्ही आहात म्हणून मला फिकीर नाय," तो म्हणायचा. "आख्ख्या ग्रुपचं पाणी तुम्हीच बघायलाव."

ताईनं मनगटावरचं घड्याळ घरच्याच वेळेवर ठेवलं होतं. आम्ही तिला त्यावरून चिडवत होतो. इथं रात्रीच्या जेवणाला बसलो की ती घड्याळ बघून म्हणायची, घरी आता उजाडतंय, दूधवाला आला असेल.

कुस्कोहून सरोवराकाठच्या पुनोला जायला दिवसभराचा बसचा रस्ता. उंच खिंडीतून जातो, दोन्हीकडं पिवळं गवत आणि गुरांसारखे चरणारे लामा. त्या बसमध्ये ताई फारसं पाणी प्यायली नाही, सारखं उतरावं लागतं म्हणाली. बायकांना ते कळतं. पुनोला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. हॉटेलच्या जेवणघरात तिनं घड्याळ बघितलं, पेलाभर पाणी मागितलं, उभ्यानंच संपवलं आणि पेला टेबलावर पालथा ठेवला. जेवली नाही. उंचीमुळं आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांची भूक मेली होती, म्हणून तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

सकाळी टिटिकाका सरोवरावर होडीतून जायचं होतं. दाजी धक्क्यावर उभे राहिले ते पुढं येईनात. शेवटी शिवराजनं त्यांना दंडाला धरून आत घेतलं. मध्यभागी बसले, दोन्ही हातांनी बाक धरून. पाणी काळंनिळं आणि थंडगार, किनारा दिसेनासा होत चालला. ताई खिडकीशी बसली होती. तिचे ओठ फुटले होते. मी म्हटलं, उन्हानं झालं असेल, व्हॅसलीन दिलं. दाजी होडीच्या भीतीतही दर थोड्या वेळानं विचारत होते, "पाणी प्यायलीस का?" आणि ती म्हणत होती, "प्यायले हो."

आधी लव्हाळ्याच्या तरंगत्या बेटांवर थांबलो. पाय ठेवला की जमीन खाली दबते. दाजी उतरलेच नाहीत. ताई उतरली आणि तोल जाऊन माझ्या अंगावर आली. हसली. तिच्या हसण्यात काहीतरी बरोबर नव्हतं. डोळे आत गेले होते, आणि ती मला "आक्का" म्हणाली. आक्का म्हणजे आमची आई. तिला जाऊन कैक वर्षं झाली. मी म्हटलं, ताई, काय म्हणालीस? तर ती म्हणाली, काही नाही, चल. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पण होडी सुटत होती, सगळे घाई करत होते, आणि मी स्वतःची समजूत घातली की दमली असेल.

मग ते बेट आलं, टाकिले, जे बघायला ती एवढी लांब आली होती. धक्क्यापासून गावापर्यंत दगडी पायऱ्यांचा चढ आहे. मोटार नाही, रस्ता नाही. शिवराज म्हणाला, ज्यांना दम लागतो त्यांनी खाली थांबा. ताईनं ऐकलं नाही. चार पायऱ्या चढायची आणि थांबायची. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं दाजी. दाजींची स्वतःची छाती भरून येत होती, खिशातली गोळी ते सारखी चाचपत होते. "उतरू या, अनसूया," ते म्हणाले. "नाय उतरायचं," ताई म्हणाली. आवाज कोरडा, जीभ टाळूला चिकटत असावी असा.

वर चौक आला. दगडी कमान, स्वच्छ ऊन, चारी बाजूंना सरोवर. आणि भिंतीशी ओळीनं बसलेले पुरुष, काळ्या बंड्या, पांढरे सदरे, हातात पाच-पाच बारीक सुया, मान खाली घालून टोप्या विणत होते. ताई त्यांच्यासमोर बसली. मला क्षणभर वाटलं, आता ठीक आहे. तिचा चेहरा फुलला होता. गाइड सांगत होता, लग्न झालेल्या माणसाची टोपी सगळी लाल असते, बिनलग्नाच्याची लाल आणि पांढरी. आणि लग्न ठरवताना सासरा जावयाची टोपी तपासतो. कशी? तर तिच्यात पाणी ओतून. टाका घट्ट असला तर पाणी गळत नाही.

एका म्हाताऱ्यानं हसत स्वतःची टोपी उलटी धरली आणि मडक्यातनं तिच्यात पाणी ओतलं. खरंच, एक थेंब गळला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ताईकडं बघितलं. तिची नजर टोपीतल्या पाण्यावरून हलत नव्हती. तिनं ओठांवरून जीभ फिरवली, आणि बसल्या जागी एका बाजूला कलंडली.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शिवराज धावत आला, गाइडनं कुठल्याशा पाल्याचा काढा आणला, पुदिन्यासारखा वास होता त्याला. ताईचे डोळे अर्धवट उघडले, पण काढ्याची वाटी ओठाशी नेली की ती दात घट्ट मिटायची आणि मान फिरवायची. शिवराजला वाटलं, भ्रम झालाय. "काकू, प्या की हो. लई वेळ नाय आपल्याकडं." दाजींनी तिच्या बोटाला ते यंत्र लावलं. आकडा बघितला आणि पुन्हा पुसून लावलं. पुन्हा तोच. मग त्यांनी तिच्या पिशवीतली बाटली काढली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती, काल संध्याकाळी त्यांनी भरून दिली होती तशीच.

नाडी बघायला मी तिची स्वेटरची बाही वर सारली आणि हात थबकला. बाहीच्या आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. प्रवासात फुटतील म्हणून ती बांगड्या घरीच ठेवून आली होती, हातात फक्त सोन्याची एकेक होती. या नव्या होत्या. सामानात लपवून आणलेल्या.

दाजींनी बांगड्या बघितल्या, मीही. आम्हाला दोघांनाही एकदम कळलं.

दाजी गुडघे टेकून तिच्याजवळ बसले. "अनसूया, आज हरतालिका?"

तिनं डोळे मिटले.

"कधीपासून प्यायली नाय?"

"घरी उजाडलं तेव्हापासून."

घरी उजाडलं तेव्हा इथं कालची संध्याकाळ होती. तो पालथा पेला माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याच्याआधीचा दिवसही तिनं बसमध्ये घोटघोट पाण्यावर काढला होता.

"मग आता घरी रात्र झालीय," दाजी तिला लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले. "झाली तुझी हरतालिका. पी आता."

"घरची उजाडल्यावर सुटेल. इथली आहे अजून. उद्या इथं उजाडेपर्यंत."

"दोन दोन कशाला करायलीस?" मी ओरडलेच.

ताईनं माझ्याकडं बघितलं नाही, ती दाजींकडं बघत होती. बोलताना तिला थांबावं लागत होतं. "देव तिकडं आहे आणि तुम्ही इथं आहात. कुठली तिथी धरतात मला काय ठाऊक. एक करायची आणि तीच चुकीची निघाली, तर?"

"तर काय होणार आहे?" मी म्हटलं.

"त्या वर्षी मी पाणी प्यायले," ताई म्हणाली. "ह्यांच्या हातानं. आणि दिवाळीत ह्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. काचेतून बघत होते मी. तेव्हापासून मला रोज भीती वाटते गं. रोज."

मी तिचा हात धरून बसले होते. जिनं नाग पिशवीत धरला ती माझी बहीण गेली चार वर्षं रोज भीत होती आणि आमच्यापैकी कुणालाही तिनं त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. तिचा ऊर हलका वरखाली होत होता. खाली होडीपर्यंत तो सगळा चढ, होडीतून किनारा कितीतरी लांब. पाणी पोटात गेल्याशिवाय ती तिथवर टिकणार नाही हे मला दिसत होतं.

"ताई, हा सगळा खुळचटपणा आहे," मी म्हटलं. "पाण्याचा आणि हार्ट अटॅकचा काय संबंध? दाजी, सांगा हिला."

मला वाटलं, दाजीही तेच म्हणतील. कुठलाही नवरा म्हणाला असता, असं काही नसतं, उगाच मनात आणू नकोस. पण दाजी त्या हिरव्या बांगड्यांकडं बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते घाबरले होते. मांजर आडवं गेलं तर थांबणारा माणूस तो, त्यांना ताईचं बोलणं पटलं होतं. ती पाणी प्यायली म्हणून आपल्याला अटॅक आला, आता पुन्हा प्यायली तर पुन्हा येईल आणि यावेळी आपण वाचणार नाही, हे त्यांना अगदी खरं वाटत होतं. कपाळावर घाम आला होता. एक हात आपोआप छातीवर गेला होता.

त्यांनी तो हात छातीवरून काढला आणि बाटलीचं झाकण उघडलं. थोडं पाणी ताईच्या गळ्यावर सांडलं.

"पी."

"अहो, नको. तुम्हाला काही झालं तर..."

"होऊ दे."

"नका ना असं बोलू."

"अनसूया, मला लई भीती वाटायलीय," दाजी म्हणाले. "आतापर्यंत कधी वाटली नाय एवढी. तरी तू पी. माझ्या हातानं पी."

ताई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. पहिला घोट आत गेला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दाजी घोटघोट पाजत होते आणि प्रत्येक घोटाला त्यांचे ओठ हलत होते. रामरक्षा म्हणत असावेत. मध्येच विसरत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

विणणाऱ्या चौघांनी सुया टोपीत खोचून ठेवल्या, ताईला घोंगडीत घेतलं आणि त्या पायऱ्यांवरून खाली उतरवलं. आमची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची आम्हाला. त्यातल्या म्हाताऱ्याची टोपी अजून ओली होती.

परतीच्या होडीत दाजींनी ताईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. भीती गेली होती असं नाही. वाऱ्यानं होडी डचमळायला लागली होती आणि दाजींचा रंग पांढराफटक पडला होता. एक हात ताईच्या मनगटावर, दुसरा पुन्हा स्वतःच्या छातीवर. ताई शुद्धीवर होती, आणि डोळे न मिटता त्यांच्या त्या हाताकडं बघत होती. आणि मी, जिचा या कशावर विश्वास नाही, मीही किनारा येईपर्यंत दाजींचा श्वास चाललाय की नाही हे बघत बसले. शिवराजनं मला विचारलं, "मावशी, तुम्ही काकूंकडं बघा ना, काकांना काय झालंय?"

पुनोच्या दवाखान्यात ताईला सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांवर ताण आलाय, अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. बरं वाटल्यावर खाली लिमाला आणलं आणि तिथून घरी. विमानात दाजी झोपले की ताई त्यांच्या नाकाशी बोट धरायची.

घरी आल्यावर सगळे म्हणाले, सुटलात. पण पुंडलिकनगरातल्या त्या घरात दिवाळीपर्यंत कुणी सुटलं नव्हतं. दाजींना ढेकर आला तरी ताई हातातलं टाकून उभी राहायची. दाजी जिना चढायचे तर ती खालून त्यांच्या पायांकडं बघत राहायची. आकाशकंदील लावायला स्टुलावर चढू दिलं नाही. भाऊबीजेला मी गेले तर दोघं समोरासमोर बसून होते, कुणी फराळाला हात लावला नव्हता. दिवाळी गेली. काही झालं नाही. ताईला विचारलं, आता तरी पटलं? ती म्हणाली, वर्ष कुठं संपलंय.

यंदा पुन्हा हरतालिका आली. डॉक्टरांनी ताईला निर्जळी उपास जन्मभरासाठी बंद सांगितलाय. सुयशनं पुण्याहून फोन करून दम दिला. मी सकाळीच त्यांच्याकडं गेले. देवघरासमोर वाळूची पिंड मांडली होती, पत्री वाहिली होती, ताईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. दाजी पेला घेऊन उभे होते. पेल्यातलं पाणी हलत होतं.

"घाबरलात?" ताईनं विचारलं.

"लई."

"मग राहू द्या ना. एवढं एक वर्ष."

"पी."

ती प्यायली. अर्ध्यावर थांबून त्यांच्याकडं बघितलं, मग उरलेलं प्यायली. पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "आज कुठं जायचं नाय. जिना नाय, गच्ची नाय, दुकान नाय. माझ्यासमोर बसायचं." दाजींनी निमूटपणे खुर्ची ओढली आणि बसले.

ताईनं विणायला घेतलं. ती लाल टोपी विणतेय, बेटावरच्यासारखी, सगळी लाल. टाका फार बारीक आहे, सारखी उसवते आणि पुन्हा घालते. विणताना नजर खाली गेली की तिला चैन पडायचं नाही.

"अहो."

"आहे."

थोड्या वेळानं पुन्हा. "अहो."

"आहे गं."

दुपारी जेवणं नव्हतीच, ताईनं दूध-फळं घेतली. दाजींचे डोळे जड झाले होते, पण झोपायची परवानगी नव्हती. मी स्वयंपाकघरात चहा टाकला. आधण यायची वाट बघत उभी होते आणि बाहेरच्या खोलीतली हाक ऐकत होते. पुढची हाक आली नाही. मी वाट बघितली. अजून नाही आली. सुयांचा आवाजही नाही. मी गॅस बंद केला, खटक्याला हात लावून बघितला आणि तिथूनच हाक मारली, "दाजी?"

"आहे," दाजी म्हणाले. "हळू बोल. हिचा डोळा लागलाय."